अकरा नंबरचं कार्ड

प्रोजेक्टर आला त्या वर्षी नारळ फोडला होता.
दुसऱ्या वर्षी खाऱ्या हवेनं भिंगात बुरशी धरली
आणि पृथ्वीच्या नकाशावर
एक खंड जास्तीचा दिसू लागला.
मुलांनी त्याचं बारसं केलं: सुफियानचं बेट.

आता माझा स्वतःचा फोन आहे, काचेला तडा गेलेला,
आणि तेवीस कार्डं.
देवगडच्या झेरॉक्सवाल्यानं छापलेले काळे-पांढरे चौकोन,
लॅमिनेशन परवडेना म्हणून
हापूसच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलेले.
पुढून कोडं.
मागून अजून वाचता येतं: पाच डझन, जपून हाताळा.

चार कडा, चार उत्तरं.
पटेल ती कड वर करून कार्ड छातीशी धरायचं,
बोलायचं नाही.
मी वर्गावरून फोन फिरवते, नावं उजळत जातात,
बरोबर तो हिरवा, चूक तो लाल.
शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही,
त्याला ती नुसती जाळी दिसते.

खरं सांगायचं तर हे आणलं प्रचितीसाठी.
प्रचिती कोयंडे, सहावी, शेवटून दुसरी रांग.
तीन वर्षांत तिचा हात वर गेलेला मी पाहिला नाही,
हजेरीलासुद्धा ती नुसती मान वर करते.
पहिल्याच दिवशी अकरा नंबर हिरवा झाला,
अपूर्णांकांत सलग सात वेळा.
बंद घरात कुणी दिवा लावावा
तशी मी फोनकडे बघत राहिले.

गुरुवारी भूगोल.
प्रश्न रात्री बसून मीच घातले होते. मी लातूरची,
पाणी म्हणजे टँकर आणि टँकरला ठरलेली वेळ असते,
एवढंच मला माहीत.
'आज सकाळी सहाला पूर्ण भरती. उद्या सकाळची किती वाजता?'
अ, पाच. ब, सहा. क, पावणेसात. ड, सांगता येत नाही.
बरोबर उत्तर म्हणून मी ब ठरवून ठेवलं.

लाल. लाल. लाल.
तेविसातले वीस लाल.
हिरवे तिघेच: तलाठ्यांचा वेदांग
आणि बँकेतल्या साहेबांची जुळी,
माझ्यासारखीच बदलीवर आलेली.

'अरे, लक्ष कुठंय तुमचं?'
कुणी काही बोललं नाही. बाईंना कोण सांगणार.
काहींनी तर घाईघाईनं कार्ड फिरवून ब वर केलं.
अकरा नंबर तेवढा तसाच, क वर,
पुठ्ठ्याच्या कडेवरून दोन डोळे.

'प्रचिती, खाली घे.'
घेतलं नाही.
मग खूप दिवस न काढलेली कडी करकरावी तसं काहीतरी,
'पाणी रोज वायच उशिरा येता, बाई.
होडी काल सवापाचाक सुटली, आज सा वाजता,
उद्या पावणेसाताक.'

आणि वर्ग फुटला.
'आज आठम, बाई! आठाची पाऊणपट सहा!'
'उद्या नवम, नवाची काढा!'
कुणी उधाण सांगतंय, कुणी भांग,
सुफियान बोटांच्या पेरांवर पंधरवडा मोजतोय.
पाऊण मी त्यांना पिझ्झाच्या चित्रावर शिकवला होता.
पिझ्झा यातल्या कुणी खाल्लेला नाही.

'उत्तर बदलायचं?' फोननं विचारलं.
होय म्हटलं, तर रेंज गेली.
घंटेजवळच्या खिडकीत फोन धरून उभी राहिले,
गोल फिरत राहिला,
मग एकेक नाव रंग बदलू लागलं.
'बाई, पण माझं बरोबर होतं,' वेदांग म्हणाला,
रडायच्या बेतात.
त्याला म्हटलं, माझंही होतं.

शुक्रवारी हजेरी.
अकरा नंबरला तिनं नेहमीसारखी नुसती मान वर केली.
मी खूण केली
आणि बारा नंबर पुकारला.